अठ्ठावन्न वेळा पाणी

पाणी पाणी पाणी पाणी पाणी पाणी पाणी.

साखरेचा रिपोर्ट: सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, तहान मनाची असेल.

टंकलेखकाने नजर कागदावर ठेवायची. बोटांकडे बघतो तो शिकाऊ, उमटलेल्या अक्षरांकडे बघतो तो भित्रा.

कळफलकाच्या कोपऱ्यात नखाएवढं लाल स्टिकर.

स्वयंपाकघरात नवा, मोठ्या तोंडाचा जग.

तर झालं होतं असं. बाबांना झटका आला आणि उजवा हात गेला, वाचा गेली. मुलगी चार तासांवर, दुसऱ्या शहरात प्रोग्राम लिहायची नोकरी करायची. तिने दोन सुट्ट्या खर्ची घालून बाबांच्या कॉम्प्युटरसाठी एक खिडकी बनवली. वर लिहायची पांढरी चौकट, खाली चार ढब्बू बटणं: पाणी, औषध, पंखा, दुखतंय. माउसने बटण दाबलं की तो शब्द चौकटीत उमटायचा. बाकीचं टाइप करायचं. शेवटी लाल स्टिकरची कळ दाबली की मजकूर तिच्याकडे आणि बाबांना सांभाळणाऱ्या बाईंच्या फोनवर जायचा, चौकट कोरी व्हायची. बाबा चौतीस वर्षं कचेरीत टंकलेखक होते. एक हात राहिला तरी ढिगाने लिहितील, असा तिचा हिशोब.

पहिल्याच दिवशी, साडेचारला, अठ्ठावन्न वेळा पाणी आलं.

तिने बाईंना फोन लावला. "अहो, बाबांना पाणी द्या ना!"

"ताई, दोन पेले दिले. तिसरा पुढे केला तर डोळे वटारले माझ्यावर."

"मग मागतायत कशाला?"

"मला काय विचारता? खिडकी तुमची, बाबा तुमचे. मी आपली पाणी भरणारी."

तिने बाबांना उत्तर धाडलं: बाईंना सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. बाईंना सांगितलंय. तिसऱ्या दिवशी चाळीस. बाईंना सांगितलंय. आठवडाभराने तिने तेवढ्या दोन शब्दांचं एक बटण स्वतःसाठीही करून घेतलं. एकदा दाबलं की झालं. पण साडेचार वाजायच्या आधी ती चहा घेऊन जागेवर येऊन बसायची, हेही खरं. दिवसभरात तिच्याकडे दुसरं कुणी काही मागत नसे.

मग पाणी आटत गेलं. बाई फोनवर म्हणाल्या, "बरं वाटतंय वाटतं त्यांना. आता जग भरलेलाच राहतो."

एकेचाळिसाव्या दिवशी मुलगी बाबांकडे आली. बाबांनी मान हलवली, एवढंच स्वागत. ती मागे स्टूल ओढून बसली. साडेचार वाजले.

बाबांनी डावीकडे एक कोरा कागद टेकवून उभा केला. डाव्या हाताने माउस धरला आणि 'पाणी' दाबलं. कचेरीतही हीच रीत होती. मान वर न करता शिपायाला "पाणी" म्हणायचं आणि लगेच कामाला लागायचं. पेला येईपर्यंत अर्धं पान होऊन जायचं, आणि खाली कार्बन लावला असला तर त्याची प्रतही. बाबांनी माउस सोडला, नजर कोऱ्या कागदावर रोवली आणि बोटं चालू लागली. अडखळत, पण न बघता.

पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. शब्दांमध्ये जागा सोडायची मोठी कळ दाबली गेली, तेव्हा तेवढं एक पाणी वाढलं.

तिने स्टूल पुढे ओढलं. नवशिक्यालाही ठाऊक असतं: खिडकीत कळफलकाचं ऐकणारा एका वेळी एकच असतो. माउसने बटण दाबलं की तो मान चौकटीकडून बटणाकडे जातो. लाल स्टिकरची कळ तेवढी तिने कुठूनही चालेल अशी ठेवली होती. बटण अक्षरांना बहिरं. त्याला दोन शब्दांमधली मोकळी जागा तेवढी कळते, आणि तिचा अर्थ ते एकच लावतं: मला परत दाबलं.

म्हणजे जितके शब्द, तितकं पाणी.

तिने मोबाइलवर जुने संदेश काढले आणि मोजत गेली. अठ्ठावन्न. त्रेचाळीस. चाळीस. बावीस. बावीस. सतरा. मधले कितीतरी दिवस नऊ-दहा. मग सात. चार. परवा दोन. काल एक. एक म्हणजे एखादा शब्द, किंवा नुसतंच पाणी. कळायला मार्ग नव्हता.

आणि अठ्ठावन्न शब्दांच्या पत्राला बाबांना उत्तर मिळालं होतं, बाईंना सांगितलंय.

दुरुस्ती एका ओळीची. बटणाने दाबून घ्यावं, शब्द टाकावा, पण कळफलक चौकटीपाशीच राहू द्यावा. तिने ती ओळ उभ्याउभ्याच लिहिली.

"बाबा, माझी चूक होती. तुमचं लिहिलेलं मला पोचलंच नाही. एकही अक्षर नाही."

तिने चौकट कोरी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"पहिल्या दिवशीचं परत लिहा ना. नाहीतर परवाचे दोन शब्द तरी."

बाबांनी 'पाणी' दाबलं. नजर कागदावर नेली. बोटं चालली, आणि या वेळी अक्षरं उमटली:

पाणी कार्बन लावला नव्हता

लाल स्टिकर दाबलं. तिच्या हातातला मोबाइल थरथरला.

तिने उत्तर लिहिलं नाही. आत जाऊन पेला भरून आणला आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. बाबांनी तो एका घोटात संपवला, कोरा कागद काढून घेतला आणि खणात सरकवला.

प्रोग्राम बाबांना देण्याआधी तिने चारही बटणं दाबून पाहिली होती, आणि त्यानंतर एकही अक्षर टाइप करून पाहिलं नव्हतं.