हाराखालचा लाल दिवा

मी एक जुना सेन्सर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असले तरी अंग बोराएवढेच. मोटरसायकलच्या मागच्या चाकात जिथून हवा भरतात, त्या तोंडावर टोपीसारखा बसून मी तीन वर्षे टायरची हवा मोजतो आहे. आज तुमच्याशी बोलतो आहे, कारण मला भीती वाटते.

कारखान्यात माझ्या पोटात बटणाएवढा सेल घातला गेला. तिथून मी जयपूरला, बनी पार्कातल्या राजनकाका आणि जयंतीकाकूंच्या घरी आलो. मला आणि पुढच्या चाकावरच्या माझ्या भावाला आणले त्यांच्या मुलीने, अनुयाने.

"बाबा, तुम्ही टायरला लाथ मारून हवा बघता. मतलब, ही काय पद्धत झाली?"

"तीस वर्षं लाथच मारतोय. टायरने कधी तक्रार केली नाही," काका म्हणाले.

अनुयाने आम्हाला चाकांवर फिरवून बसवले आणि हँडलवर छोटा डिस्प्ले लावला. हवा कमी झाली की मी त्याला बिनतारी निरोप द्यायचा आणि त्याने लाल दिवा लावून पिप-पिप करायचे. काकूंनी आम्हाला कुंकवाचे बोट लावले. काका तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून हवेचे आकडे दाखवत. मला फार बरे वाटे.

मग शीतला अष्टमी, म्हणजे कांजिण्यांपासून राखणाऱ्या देवीचा सण, आला. अनुयाला लहानपणी कांजिण्यांनी फार छळले होते. ती बरी झाली, तेव्हापासून काकूंचे व्रत होते. त्या दिवशी उठल्यापासून चाकसूच्या शीतला मातेचे दर्शन होईपर्यंत मौन. मौन मोडले तर लेकीवर काही येईल, अशी त्यांच्या मनात धास्ती होती. सकाळी त्यांनी आदल्या दिवशीच्या थंड नैवेद्याचा डबा घेतला, गाडीला हात जोडले आणि हँडलला झेंडूचा भरगच्च हार घातला. हार नेमका डिस्प्लेवर आला.

वाटेतले शिवदासपुरा गाव मागे पडले आणि माझ्या चाकात खिळा घुसला. हवेचा आकडा बत्तीस होता, तो अठ्ठावीस झाला. मग चोवीस. मी निरोपावर निरोप पाठवले. डिस्प्ले ओरडत होता, पण हाराखाली, ट्रकांच्या भोंग्यांत, हेल्मेटमधल्या काकांना ऐकू येईना. सतरा! खालचे रबर पिळवटत होते. मी गरगर फिरत होतो आणि मला दुसरे काहीच करता येत नव्हते. मित्रांनो, समजते आहे आणि सांगता येत नाही, यासारखी भीती नाही.

तेवढ्यात काकूंना फुलांच्या फटीतून लाल उघडझाप दिसली. त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली.

"आलंच हं चाकसू!" काका ओरडले.

काकूंनी त्यांचा खांदा धरून हलवला.

"भूक लागली का? देवीच्या आधी डबा उघडायचा नाही, तूच सांगतेस ना!"

गाडीचा मागचा भाग साप वळवळावा तसा हलला. मागून ट्रकचा भोंगा आला. काकू कात्रीत सापडल्या. एकीकडे लेक, एकीकडे हा लाल दिवा.

"अहो, थांबा! गाडी बाजूला घ्या!"

काकांनी हळूहळू गाडी कडेला घेतली. ट्रक वाऱ्यासारखा शेजारून गेला.

पंक्चरवाल्याने खिळा ओढून दाखवला. "भाभीजी, और चलाते तो गाड़ी लहराके गिरती. आपने बोल दिया, अच्छा किया."

काकूंचे डोळे भरले. "माझं मौन मोडलं हो. अनुयाला काही..."

काका खाली बसले. प्रथमच त्यांचा आवाज अगदी हळू होता. "जयंती, देवीला तू गप्प हवी होतीस, की अनुयाला आई हवी होती?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. दर्शनापर्यंतचे उरलेले मौन त्यांनी पाळले. हार मात्र काढून हेडलाइटच्या खाली बांधला. संध्याकाळी अनुयाचा फोन आला, ती हसत होती. त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावून झाला की काकू गाडीपाशी येतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. मौनाच्या दिवशीसुद्धा.

पण आता माझा सेल संपत आला आहे. एके दिवशी मी मध्येच थांबेन, आणि जुनाच बत्तीसचा आकडा काही वेळ तसाच दिसत राहील. काकू तो वाचतील आणि निर्धास्त मागे बसतील. याच विचाराने मला धडकी भरते.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. आपल्या घरच्या गाडीवर माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचा सेल वेळेवर बदलायला सांगा. आणि तो गप्प असेल, तर सगळे ठीक आहे असे समजू नका. खाली वाकून एकदा चाकाला हात लावून बघा.