चव : गोड

बाटलीवर नाव कुठे लिहायचं, असं तो विचारत होता आणि तपासणीवाली मुलगी सांगत होती की नाव लिहायचंच नाही, आकडा लिहायचा.

"तुमचा सतरा, काका. पांढऱ्या झाकणाची कामाआधी भरायची, निळ्या झाकणाची कामानंतर."

त्याने दोन्ही बाटल्या खिशात घातल्या. एकतीस वर्षं तो वेल्डिंग करत होता. त्याने मारलेला सांधा पट्टीने आखल्यासारखा येई, म्हणून कारखान्यात त्याला सगळे रेघमास्तर म्हणत. सतरा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

मुलगी वैद्यकीय कॉलेजातून आली होती आणि कँटीनच्या कोपऱ्यात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसली होती. धूर छातीत जातो एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे, ती म्हणाली. पण तो तिथेच थांबत नाही. रक्तात उतरतो. खाल्लेलं अन्न शरीर कसं जाळतं, चरबी कशी वापरतं, साखरेचं काय करतं, त्या सगळ्या कारभारात तो ढवळाढवळ करतो का, ते बघायचंय. लघवीत त्याच्या खुणा सापडतात.

"म्हणजे आता आमची चुगली आमचीच लघवी करणार," रांगेतला ग्राइंडरवाला म्हणाला. सगळे हसले.

रेघमास्तर हसला नाही. सुपरवायझरने सकाळीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ज्यांचे आकडे वाईट येतील त्यांना वेल्डिंगच्या टेबलावरून उठवून स्टोअरमध्ये बसवणार आहेत. तुमच्या भल्यासाठीच, मास्तर. पगार तोच.

टेबल गेलं तर काय उरतं ते त्याला माहीत होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि चार वर्षं तिथे कोणाचाच आवाज नाही. टेबलावर निदान आवाज होता. रॉड नीट लागला की कढईत काहीतरी एकसारखं तळलं जात असल्यासारखा येतो तो. त्याला कान लावून बसलं की दिवस निघून जाई.

प्रश्न ९. काम करताना तोंडाची चव बदलते का? कशी?

"नाही बदलत," तो म्हणाला.

"पाणी कसं लागतं?"

"गोड."

मुलीचं पेन थांबलं. "साधं पाणी?"

"नळाला गोडंच पाणी येतं की. खारं कुठंय आपल्याकडे?"

"गोडं नाही हो काका. गोड. साखरेसारखं."

तो गोंधळला. आपण तेच तर सांगतोय, असं त्याला वाटलं.

मागून ग्राइंडरवाला मदतीला आला. जस्ताचा मुलामा असलेले पाइप जोडले, तो पांढरा धूर खाल्ला, की सगळ्यांचंच तोंड गोड होतं, मॅडम. सोमवारी जास्त, अंगात कणकणही येते. सुट्टीच्या दिवशी जातं.

"तुमचं सुट्टीला जातं का?" मुलीने विचारलं.

काय जायचं असतं, हेच रेघमास्तरला कळेना. तिने लिहिलं : गोड. फॉर्मवर उत्तराला बोटभरच जागा होती.

प्रश्न ९, बोटभर जागेत न मावलेलं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो बायकोला म्हणाला होता, चहा फार गोड करतेस. तिने साखर कमी केली. तो परत म्हणाला, तिने परत केली. मग त्याने तक्रार सोडून दिली, कारण चहा जमला. कारखान्यात तो सांगायचा की आमच्या हिच्या हातालाच गोडवा आहे.

सव्वीस वर्षांनी ती गेली. त्याने स्वतः चहा केला. दोन चमचे साखर घातली, घोट घेववेना. एक घातला, तरी नाही. अर्धा. चौथ्या दिवशी साखर घातलीच नाही आणि हुबेहूब तिचा चहा झाला. तो ओट्याशी एकटाच हसला. बाई बिनसाखरेचा पाजत होती आणि आपण गोड म्हणून पीत होतो. साखरेचा डबा त्याने वरच्या फळीवर ढकलला.

ती असताना वर्षातून दोनदा दोघं तिच्या बहिणीकडे जात. तिथे ती आपल्या कपात तीन चमचे साखर घाली. हा सगळ्यांसमोर म्हणे, "घरी उपाशी ठेवतो की काय मी तुला?" मेहुणी हसे, तिचा नवरा हसे. ही कपात बघत ढवळत राही.

ओट्याशी हसताना त्याला हे आठवलं नव्हतं.

प्रश्न १४. घरात तुमच्याच भांड्यातलं खाणारं-पिणारं, पण धुरात न जाणारं कोणी आहे का? (तुलनेसाठी)

"होती," तो म्हणाला.

मुलीने 'नाही'वर खूण केली. मग पेन खाली ठेवून हळूच, सॉरी काका, म्हणाली.

प्रश्न नसलेली जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्याने पांढरी बाटली भरली. मग दोन तांबे पाणी प्यायला, अर्धा तास थांबला आणि निळीही भरली. रात्रभर झोपून उठलेलं शरीर. त्यात कसला धूर सापडतोय? निळी बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. दिवसभर ती त्याच्या टेबलाखाली होती. संध्याकाळी कामानंतरची म्हणून त्याने ती मुलीच्या हातात दिली.

सांध्यावर वरून सरळ रेघ मारून आतली पोकळी झाकता येते. ते त्याला पहिल्या वर्षापासून येत होतं. केलं मात्र कधी नव्हतं.

तीन आठवड्यांनी मुलीने त्याला एकट्याला बोलावलं. तिच्यासमोर कागद होता आणि ती वाक्य जुळवत होती. बाकीच्यांचं सकाळी खाली असतं, संध्याकाळी वर जातं, रात्रीत शरीर सावरतं. तुमचं दोन्ही वेळा सारखं आलंय.

"मग बरंच की," तो म्हणाला.

"सारखं म्हणजे दोन्ही वेळा वर, काका. तुमची सकाळ इतरांच्या संध्याकाळसारखी आहे." तिने कागद उलटा केला. "शरीर कामावरून घरी येतच नाहीये तुमचं."

कँटीनमध्ये कोणीतरी थाळ्या रचत होतं. तो आवाज थांबला.

"दोन्ही सकाळच्याच आहेत," मग तो म्हणाला.

"काय?"

"बाटल्या. निळीसुद्धा मी सकाळीच भरली होती."

तिला राग आला नाही. तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग संध्याकाळी तुमचं याहून किती..." एवढं म्हणून ती थांबली.

स्टोअर.

तारेची जाळी, जाळीला हाताएवढी खिडकी. रॉडची पाकिटं, मुखवट्याच्या काचा, हातमोजे. चिठ्ठी आत येते, सामान बाहेर जातं. पहिल्या आठवड्यात लोक म्हणत, मास्तर, दोन काचा द्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणू लागले, ओ स्टोअर.

त्याच्या टेबलावर आता दुसरा वेल्डर होता. त्याचा आवाज जाळीतून ऐकू येई. मध्येच तुटे. हात उचलतोय, रॉड लांब धरतोय. एकदा तो उठून सांगायला निघालाही होता, पण खिडकीवर चिठ्ठी आली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. पाण्याला कसलीच चव नव्हती. शेजारच्या बाईंना त्याने दारातूनच विचारलं, आज पाणी वेगळं येतंय का? त्या म्हणाल्या, नाही हो, रोजचंच आहे. गोडं.

तो आत आला. चहा ठेवला, रोजच्या भांड्यात, रोजच्या हाताने. पहिला घोट घेतला आणि कपात वाकून पाहिलं. काही पडलंय का? काही नव्हतं. दुसरा घोट तसाच. जिभेच्या मुळापर्यंत कडू.

चहा एकाच भांड्यात व्हायचा. नेहमीच. दोन कप त्याच भांड्यातून भरायचे. एक त्याच्यासमोर टेबलावर. दुसरा घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची, चौकटीला टेकून, आणि घाई असल्यासारखा संपवायची. बसून पी ना, असं तो म्हणायचा. काम पडलंय, असं ती म्हणायची.

बहिणीकडे मात्र ती बसून प्यायची.

स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून डबा काढला. साखरेचा दगड झाला होता. चमच्याच्या दांड्याने त्याने तो फोडला. तिचा कप मोरीत नेऊन धुतला, पुसला, त्यात भांड्यातला उरलेला चहा ओतला. तीन चमचे घातले. खडे विरेपर्यंत ढवळत राहिला आणि कप टेबलावर ठेवला, खुर्चीसमोर.

मग आपला कप घेऊन तो दाराशी गेला. चौकटीला टेकून, तोंड वाकडं न करता, तळापर्यंत प्यायला.