राजाच्या गालावरची खाच

तपास अधिकाऱ्यांनी पाकिटातून चांदीचं एक नाणं काढून टेबलावरच्या मखमलीवर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते.

"चारपर्यंत लेखी मत द्या, बाई. खरं की खोटं, एवढंच. उद्या त्याला न्यायाधीशांपुढे उभं करायचंय."

"कुणाला?"

"एक कारागीर आहे, धातूचं ओतकाम करतो. जुना ठेवा दडवल्याचा आरोप आहे. नाणं खरं निघालं तर पाच वर्षं आत. तो म्हणतो, हे माझ्या बापानं घरी बनवलं. आता पकडल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

ते गेले. संग्रहालयाच्या नाणे विभागात ती एकटी उरली. दारावरच्या पाटीवर तिचं भारदस्त नाव होतं, पण मामा तिला लहानपणापासून भिंगरी म्हणत. आधी घरभर गरगर फिरायची म्हणून, आणि नंतर हातातलं भिंग सुटेना म्हणून. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामांनीच तिला वाढवलं, जेवणाच्या टेबलावर दोन नाणी शेजारी ठेवून फरक शोधायला शिकवलं. याच खोलीत, याच खुर्चीवर, तिच्या आधी मामा बसत.

तिने नाणं भिंगाखाली धरलं. हा राजा तिच्या ओळखीचा होता. संग्रहालयात त्याची अकरा नाणी होती, एका विहिरीच्या खोदकामात सापडलेली म्हणून एका व्यापाऱ्याने आणून दिलेली. कुठल्याही वंशावळीत नसलेला हा राजा मामांनी त्या अकरा नाण्यांवरून चाळीस वर्षांपूर्वी उजेडात आणला होता. मामांचं नाव म्हणजे हा राजा, आणि राजा म्हणजे मामा, असं समीकरणच झालं होतं.

तिने कपाटातून अकराही नाणी काढली, ओळीने मांडली आणि कामाला लागली.

जुन्या काळी नाणं पाडायचं म्हणजे कोरलेल्या ठशावर चांदीची चकती ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच नसतात. तिने दाढीचे केस मोजले. कडेचे ठिपके मोजले. नावातलं तिसरं अक्षर किंचित डावीकडे कललेलं होतं, ते बाराही नाण्यांवर तेवढंच कललेलं निघालं. ठसा एकच. शंकेला जागाच नव्हती.

मग सरळ होतं. संग्रहालयाची नाणी खरी, ठसा तोच, म्हणून हेही खरं. दोन ओळींत काम संपलं असतं आणि कुणी तिला एक प्रश्न विचारला नसता. साडेबाराला तिने लिहायला कागद ओढलाही.

पण राजाच्या गालावर एक बारीक खाच होती. अकराही नाण्यांवर होती आणि या बाराव्यावरही होती.

ठशाला तडा गेला तर तो नाण्यावर उंच रेघ होऊन उमटतो. खाच मात्र खोल असते. नाणं पाडून झाल्यावर त्याला कशाचा तरी मार लागला की ती पडते. भाऊ भाऊ एकमेकांसारखे दिसतील, पण एकाच्या गालावरचा व्रण बारा भावांच्या गालावर कसा येईल? मामांच्या पुस्तकात त्याचं उत्तर एका वाक्यात होतं: ठशावर लोखंडाचा कण चिकटून राहिला असावा. ते वाक्य तिने शंभरदा वाचलं होतं. आज पहिल्यांदाच ते तिच्या घशाखाली उतरेना.

एक वाजता तिने घरी फोन लावला. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तीन वर्षांपासून त्यांना समोरचं दिसेनासं झालं होतं, फक्त कडेकडेचं दिसे.

तिने सगळं सांगितलं.

"कणाचं मी लिहिलंय ना?" मामा म्हणाले.

"लिहिलंय. पण मामा, एखादं खरं नाणं घेऊन त्याच्यावरून कुणी ठसा तयार केला, तर त्या नाण्याची जखमही ठशात उतरेल. आणि मग प्रत्येक—"

"मला शिकवतेस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती नुसती बसून राहिली. डबा उघडलाच नाही. एकीकडे तिने कधी पाहिला नाही असा कारागीर, दुसरीकडे जन्मदात्यासारखा मामा. इकडे आड, तिकडे विहीर. दोन वाजता तिने कागदावर लिहिलं, 'ठसा एकच असल्यामुळे सदर नाणे', आणि पुढचा शब्द तिच्या हातून उमटेना. 'अस्सल' लिहायला तीनच अक्षरं लागत होती.

दोन वीसला फोन वाजला.

"भिंगरे, दिवा आडवा धर," मामा म्हणाले. आवाज अगदी कामाचा होता. "अगदी टेबलालगत. खाचेची कड बघ. मार बसला की धातू एका बाजूला सरकतो, नांगराच्या मातीसारखा वर येतो. ठशातून उमटलेल्या खाचेला तशी कड नसते, ती बोथट असते. एकेक बघ. घाई करू नकोस."

तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर केला. पहिलं नाणं बोथट. दुसरं बोथट. ती मोठ्याने सांगत गेली, मामा प्रत्येक वेळी "पुढे" म्हणत गेले. सहावं बोथट. सातव्यावर तिचा हात थांबला. खाचेच्या डाव्या कडेला चांदीची एक बारीक वळी उभी राहिली होती.

"सातवं," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. कानामागचे केसही फक्त यावरच सुटे दिसतात. बाकी सगळ्यांवर चिकटलेत." उरलेली चारही तिने तपासली. बोथट. मग पोलिसांचं. तेही बोथट.

"म्हणजे राजा होता," मामा हळूच म्हणाले.

"होता, मामा. एक खरं आहे. दहा खोटी आहेत."

"अकरा. पोलिसांचं धरून अकरा." मामा म्हणाले. "ते कणाचं वाक्य लिहिताना माझ्या घशात घास अडकला होता गं. पण हातात आलेला राजा निसटेल, या भीतीनं गिळला तो. आता लिही तू. आधी माझं चुकलं ते लिही, मग त्या माणसाच्या नाण्याचं."

चारला तपास अधिकारी आले. त्यांनी उभ्याउभ्याच कागद वाचला आणि भुवया उंचावल्या.

"खोटं, हे समजलं. पण तुमचीही दहा खोटी, हे मी कुठं विचारलं होतं?"

"ते सांगितल्याशिवाय पहिलं सिद्ध होत नाही."

"वरून ओरडा बसेल तुम्हाला."

"बसेल," ती म्हणाली. तिने बारावं नाणं पाकिटात घालून त्यांच्यापुढे सरकवलं.

ओरडा बसला आणि चांगला बसला. संचालक महिनाभर तिच्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. प्रदर्शनातल्या कपाटात सातवं नाणं तेवढं राहिलं, दहा आत गेली. वर्तमानपत्रात मामांबद्दल चार ओळी आल्या. शेजाऱ्यांनी त्या मामांना वाचून दाखवण्याची तसदीही घेतली.

कारागीर मात्र सुटला. सुटल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो संग्रहालयात आला, पन्नाशीचा, ओशाळलेला, भाजलेल्या बोटांचा. बापाचं काम एकदा बघायचंय म्हणाला. बापाला एका व्यापाऱ्याने नमुन्याचं नाणं देऊन तशीच पाडायला सांगितली होती. का, ते सांगितलं नव्हतं. घरात राहिलं ते एकच.

तिने मामांना बोलावून घेतलं. मामा काठी टेकत आले, कारागिराच्या शेजारी बसले आणि दहातलं एक नाणं अंगठ्याने चाचपत राहिले. राग आहे की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. कारागीर अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकली तुझ्या बापानं," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं. माझे डोळे चांगले होते तेव्हा."

"त्याला ठाऊक नव्हतं हो, साहेब, कुणासाठी ते."

"ते राहू दे. नाण्यावरून ठसा घेतला कसा त्यानं? चांदी मऊ, ठसा कठीण पाहिजे. मला हे तेव्हाच विचारायला हवं होतं कुणाला तरी."

कारागिराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातवारे करत सांगायला सुरुवात केली.

"सावकाश सांग," मामा म्हणाले. "ही लिहून घेतेय."