झेरॉक्स चालणार नाही

प्रमिला देवस्थळीला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. दुबईतल्या ऊद मेथाच्या त्या भारतीय शाळेत अकरा वर्षं इतिहास शिकवताना तिने जेवढे खडू लिहून संपवले त्याहून जास्त आपटून मोडले असतील. पण शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात तिला जो राग आला तो वेगळाच होता. त्याला सुरुवात झाली ती तिनेच सोडलेल्या एका फर्मानाने.

नववीचं प्रदर्शन होतं. विषय, प्राचीन रोममधलं रोजचं जगणं. दरवर्षी मुलं काय आणायची? थर्माकोलचं मैदान आणि त्यात प्लास्टिकचे सिंह. पालक कौतुकाने फोटो काढायचे आणि सामोसे खाऊन घरी जायचे. यंदा प्रमिलाने टेबलावर हात आपटला.

"सम्राट नकोत, सिंह नकोत, लढाया तर मुळीच नकोत! साध्या माणसांचं आणा. खानावळीच्या भिंतीवर कुणी खरडलेलं, थडग्यावर कुणी कोरलेलं. त्यांचे शब्द आणा, गाइडमधले नकोत."

आणि मग तिने त्यांना एका पट्ट्याचं चित्र दाखवलं. गुलामाच्या गळ्यात ठोकून बसवलेलं लोखंडी कडं, त्याला लटकणारा धातूचा बिल्ला. बिल्ल्यावर लिहिलेलं, मी पळालोय, मला धरा, माझा मालक झोनिनस याच्याकडे मला परत नेलंत तर तुम्हाला सोन्याचं एक नाणं मिळेल.

"बघितलंत?" प्रमिलाचा आवाज चढला. "मी पळालोय म्हणे! जसं काही तोच बोलतोय. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं होतं का, बाबा रे, तुझ्या गळ्यात काय लिहू?"

मग तिने दुसरा हुकूम सोडला. तक्त्याच्या डाव्या बाजूला रोमचं काहीतरी लावायचं आणि उजव्या बाजूला स्वतःच्या घरातला एक कागद. दोन हजार वर्षांनी कुणी दुबई उकरून काढली तर आपण इथे कसे राहत होतो ते ज्यातून कळेल, असा.

"आणि अस्सल हवा. झेरॉक्स चालणार नाही!"

मुलांनी आणलं. कुणी करामा भागातल्या हॉटेलचं बिल, कुणी मीना बाजारच्या शिंप्याची मापं लिहिलेली चिठ्ठी, कुणी साताऱ्याहून आलेलं आजीचं पत्र. प्रमिला खूश होती. मग तिने मिहिकाचा तक्ता उलगडला.

डावीकडे तो पट्टा. उजवीकडे इंग्रजी वर्तमानपत्रातलं कात्रण, त्यात एका बाईचा लहानसा फोटो. खाली मजकूर, सदर महिला काम सोडून पळून गेली आहे, तिला कुणी कामावर ठेवू नये की आसरा देऊ नये, ठावठिकाणा कळल्यास पुढील नंबरवर फोन करावा. असल्या जाहिराती रोज यायच्या. चहा पिताना पान उलटलं की झालं, प्रमिलाही तेच करायची. पण हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. सुरैय्या! मिहिकाच्या घरी राहून काम करणारी, सहा वर्षं शाळेच्या फाटकाशी पाण्याची बाटली धरून उभी राहणारी. आणि खालचा नंबर मिहिकाच्या घरचा होता. रोमन मालकाने निदान सोन्याचं नाणं तरी कबूल केलं होतं, मिहिकाच्या वडिलांना, सतीशरावांना, तेवढीसुद्धा तोशीस नको होती.

कात्रणाखाली एक खाकी पाकीट चिकटवलेलं होतं. प्रमिलाने ते उघडलं आणि तिच्या हातात सुरैय्याचा पासपोर्ट आला.

"हे काय आहे, मिहिका?"

"ओरिजिनल, मिस. यू सेड नो झेरॉक्स."

"कुठून आणलास?"

"पप्पाज ड्रॉवर. आय नो व्हेअर द की इज." पोरगी खाली बघत होती, पण आवाज कापत नव्हता. "शी हॅज ओन्ली फोर डेज, मिस."

चार दिवस कशाचे ते प्रमिलाला सांगावं लागलं नाही. कागदपत्रं नसलेल्यांना सरकारने माफी जाहीर केली होती. ऑक्टोबरअखेरपर्यंत जो आपणहून देश सोडेल त्याला दंड नाही, तुरुंग नाही. त्यानंतर जो सापडेल त्याची खैर नाही. पासपोर्ट हातात असला तर तिकीट काढून जाता येत होतं. नसला तर नव्या कागदासाठी भारतीय कॉन्सुलेटच्या बाहेर उन्हात रांग, आणि ती रांग चार दिवसांत संपणारी नव्हती. सुरैय्याने चार वर्षांत स्वतःच्या लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. सुट्टी मागितली की सतीशराव म्हणायचे, पुढच्या वर्षी इन्शाल्ला. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर ती नेसत्या कपड्यांनिशी निघून गेली आणि करामात एका मावसबहिणीच्या खोलीत लपून राहिली. मिहिका तिला चोरून फोन करत असे.

प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सतीशराव म्हणजे कोण? गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे उभे राहणारे, शाळेच्या पालक समितीवर मिरवणारे! त्यांच्या घरी मोदक खाऊन तिने स्वतः हेमाताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तोंड भरून स्तुती केली होती. ते मोदक कुणी वळले होते? सुरैय्याने! तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि प्रमिलाने तिच्याकडे रिकामी ताटली दिली होती. त्या आठवणीने तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सुपरवायझर बाईंनी तो तक्ता आधीच पाहिला होता. तासाभरात सतीशराव टाय सैल करत प्रिन्सिपलच्या खोलीत हजर. प्रमिलाला बोलावणं आलं, तेव्हा तिने मिहिकाला बरोबर घेतलं आणि पासपोर्टही.

"मॅडम, आपण मराठी माणसं," सतीशराव गोड आवाजात म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ठेवायची. तुम्ही माझ्या मुलीला चोरी करायला शिकवलंत, तरी मी इश्यू करत नाही. तो पासपोर्ट द्या, मॅटर खलास."

"कुणाचा पासपोर्ट?"

"माझ्याकडे होता ना? माझाच!"

"मिहिका," प्रमिला त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "इतिहासाचं मूळ साधन आहे. मोठ्याने वाच."

मिहिकाने शेवटचं पान उघडून छापील इंग्रजी वाक्य वाचलं. हा पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे.

"नाव कुणाचं आहे?"

"सुरैय्या बेगम."

"आणि तुझ्या पप्पांचं?"

"व्हिसाच्या पानावर आहे माझं नाव!" सतीशराव उसळले. "स्पॉन्सर म्हणून. नीट बघा, स्पष्ट लिहिलंय!"

"झोनिनसचंही लिहिलेलं होतं, सतीशराव. बिल्ल्यावर."

हा झोनिनस कोण ते सतीशरावांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या लेकीला ठाऊक होतं. तिने बापाकडे असं काही पाहिलं की त्यांचं तोंड उतरलं. मग ते भडकले, पोलिसांचं नाव काढलं.

"चला की!" प्रमिला कडाडली. "आत्ता चला. जाता जाता बर दुबईला कॉन्सुलेटमध्येही जाऊ. हा तुमच्या ड्रॉवरमध्ये कुलपात काय करत होता, ते त्यांनाही सांगा."

सतीशरावांनी प्रिन्सिपलकडे पाहिलं. बोलले ते प्रिन्सिपल. शांतपणे, पेनचं टोपण लावत.

"मिसेस देवस्थळी, डोन्ट फर्गेट. युवर पासपोर्ट इज ऑल्सो विथ अस."

खरंच की! तिचा पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत होता. अकरा वर्षं. दर जूनमध्ये ती गुलाबी फॉर्म भरायची, का हवा, कधी परत करणार. मग भिकाजी क्लार्क दोन्ही हातांनी अदबीने तो पुढे करायचा, आणि ती काय म्हणायची? थँक्यू म्हणायची! सुट्टीवरून आली की पहिल्याच दिवशी आपल्या पायांनी जाऊन परत जमा करायची. मुलांना पट्टा दाखवून घसा फोडणारी ही बाई! त्या क्षणी तिला सतीशरावांपेक्षा स्वतःची जास्त चीड आली.

"फॉर्म द्या," ती म्हणाली.

भिकाजीने फॉर्म आणला. कारणाच्या रकान्यात ती दरवर्षी वार्षिक रजा लिहायची. आज तिने लिहिलं, माझा आहे म्हणून. सही इतक्या जोरात केली की कागद फाटला.

"तीन दिवस लागतील, मॅडम," भिकाजी हळूच म्हणाला.

"लागू देत. रोज येऊन विचारीन."

सुरैय्याचा पासपोर्ट पर्समध्ये टाकून ती निघाली. सतीशरावांनी मिहिकाचा दंड धरून "यल्ला, घरी चल" म्हटलं, तेव्हा पोरीने हात सोडवून घेतला.

"मिस, माझा चार्ट?"

इतक्या वर्षांत प्रमिलाने तिला शाळेत मराठीत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"राहणार," प्रमिला म्हणाली. "मी इथे आहे तोवर कुणी हात लावून दाखवावा."

टॅक्सीने ती मिहिकाने दिलेल्या पत्त्यावर करामाला गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचं दार बराच वेळ कुणी उघडेना. शेवटी तिने मिहिकाचं नाव घेतलं, तशी कडी निघाली. सुरैय्या केवढी वाळली होती! प्रमिलाने पासपोर्ट पुढे केला. सुरैय्याने पदराला हात पुसले, तो घेतला, उघडला, आतला आपला फोटो बोटाने चाचपला. मग घाईघाईने इकडेतिकडे बघून खिडकीतलं बॉलपेन आणलं.

"साइन कहाँ करना है, मॅडम?"

प्रमिलाच्या बोटांना अजून त्या गुलाबी फॉर्मवरच्या सहीची शाई लागलेली होती.

"कहीं नहीं!" ती ओरडलीच. सुरैय्या दचकून मागे सरली, तरी प्रमिलाला आवाज आवरेना. "कहीं नहीं करना है, सुरैय्या! तेरा है!"