इस्त्रीच्या चादरीतला फेस

लॉन्ड्रीतलं मोठं मशीन विकायचं, हे नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. "नुसता पाणी ढोसतो हा राक्षस, आणि बिल माझ्या डोक्यावर!" संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. मशीन गेलं की हॉटेलच्या चादरींचं काम जाणार, मग दुकानात उरणार चार शर्ट आणि दोघांची सुतकी तोंडं. पण बायकोचा स्वभाव पडला चौकस. रडायचं तर आहेच, पण एवढं पाणी मुळात लागतंच कशाला?

नवरा कपडे पोचवायला गेला तशी ती मशीनच्या काचेला नाक लावून बसली. चादरी साध्या पाण्यातून एकदा निघाल्या, दोनदा, तीनदा. फेस आपला तस्साच. फेस संपेपर्यंत पाणी बदलायचं, हा सासऱ्यांचा नियम, आणि नवऱ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ.

तिला काय वाटलं कोण जाणे, तिने कपाटातली धुऊन इस्त्री केलेली चादर काढली, बादली लख्ख धुतली, साधं पाणी भरलं आणि चादर त्यात बुडवून घुसळली. बघता बघता बादलीत फेस आला. ती तोंडाचा आ करून बघत राहिली.

"इस्त्रीची चादर भिजवलीस? डोकं ठिकाणावर आहे का?" नवरा दारातूनच कडाडला.

"अहो, यात साबण किती असेल, सांगा बरं."

"मूठभर तरी."

"चिमूटभरसुद्धा नाही. हा मागच्या धुलाईचा. आपण दोन मग साबण ओततो, तो निघता निघत नाही, आणि वर पुन्हा दोन मग!"

"बाबा दोनच घालायचे."

"बाबा एवढ्या मोठ्या हौदात, हाताने धुवायचे."

चादरींचा पुढचा गठ्ठा नवऱ्याने स्वतः मशीनमध्ये भरला, साबणाला हातही न लावता. दुसऱ्याच पाण्याला काच स्वच्छ झाली. त्याने एक चादर उजेडात धरली, उलटी केली, हुंगली, डाग शोधशोध शोधला. मग मुकाट्याने वाळत घालायला लागला. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. तोही लॉन्ड्रीवालाच. मशीन विकायचं नाही म्हटल्यावर तो चिडला.

"एकाएकी असं काय झालं?"

"हिला विचारा," नवरा म्हणाला. "मी इतकी वर्षं विचारलं नाही, तुम्ही तरी विचारा."