मोकळ्या वाटेवरची रेघ

बाईंनी आदल्या दिवशी तोंडावर सांगितलं होतं, "उद्या दिसलं नाही, तर गाशा गुंडाळायचा." बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. आणि गाशा माझा, चार वर्षांचा.

काम तसं साधं. नखाएवढ्या चिपवर सोन्याचा मुलामा, त्यावर दोन वाटा. एका वाटेवर आमचं प्रोटीन चिकटवायचं, दुसरी मोकळी ठेवायची. मग दुसऱ्या प्रोटीनचं द्रावण दोन्हींवरून सोडायचं. त्याने आमच्याला धरलं की पडद्यावरची रेघ हळूहळू चढते, सोडलं की उतरते, सगळं डोळ्यांदेखत. मोकळ्या वाटेवर धरायला कुणीच नाही, म्हणून तिथली रेघ सपाट राहायला हवी.

आणि सकाळी काय झालं? दोन्ही रेघा भिंतीसारख्या ताडकन वर! द्रावण थांबलं तशा धपकन खाली. म्हणजे आजवर जे थोडंफार दिसलं ते सगळं खोटं?

"मेलं हे मशीन!" मी ओरडले.

शेजारच्या टेबलावरचा मास्तर (शिकवत कुणालाच नाही, नुसता चुका काढतो) मान वर न करता म्हणाला, "फ्रीझरमधलं ग्लिसरीनसकट ओतलंस ना?"

आईशप्पथ! गोठताना प्रोटीन बिघडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, आणि वापरण्याआधी ते काढून टाकतात. घाईत मी तेच विसरले होते. ग्लिसरीनचं दाट पाणी आलं की मशीनला वाटतं, केवढं काय येऊन चिकटलं! त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

"आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू शिव्या देत होतीस. मध्ये कशाला पडू?"

ग्लिसरीन काढलं, द्रावण पुन्हा सोडलं. मोकळी वाट सपाट. आमच्या वाटेवरची रेघ मात्र सावकाश चढत गेली. मग प्रोटीनविना नुसतं मिठाचं पाणी सोडलं. आता सुटतंय की काय? नाही! रेघ जेमतेम हलली. घट्ट धरून बसलं होतं पठ्ठ्यानं! मी मटकन खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाईंना सांगायला दार उघडलं, तर त्या बाहेरच भिंतीला टेकून उभ्या. चेहरा पांढराफटक.

"आत का नाही आलात?"

"बघवेना गं," बाई म्हणाल्या. "सांग लवकर, धरलं का?"