सीडीकाकांचं कपाट

"सर्व्हर बसलाय काका, जुनं काहीच उघडत नाहीये," डॉक्टरीणबाई रेकॉर्ड रूमच्या दारातूनच म्हणाल्या. "यांचा एकोणीस वर्षांपूर्वीचा छातीचा फोटो हवाय. मिळेल?"

त्यांच्यामागे साठीची एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या फुफ्फुसावर डाग दिसला होता. डाग नवा असेल तर याच आठवड्यात ऑपरेशन. जुना असेल तर काहीच नाही.

काका इथले रेकॉर्ड क्लार्क. गेली सव्वीस वर्षं प्रत्येक फोटोची ते एक सीडी करून ठेवत. कडेनेच धरायची, उभीच ठेवायची, नंबर पाकिटावरच लिहायचा. दर वर्षी त्यातल्या काही लावून बघायच्या. "पोरांनाही इतकं जपलं नाहीत," बायको म्हणायची. नवे साहेब येता-जाता विचारत, "हे भंगार कधी काढताय?" काका म्हणत, "काढू की." आणि दुसऱ्या दिवशी तेच कपाट पुसत बसत.

काकांनी वही उघडली, तिसऱ्या खणातून पाकीट काढलं आणि सीडी आत सरकवली. मशीन घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं. मग फोटो आला.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो शेजारी धरला. दोनदा मोजून पाहिलं. "होता तेवढाच आहे. जुनी खूण आहे. कापायची गरज नाही."

बाई मटकन स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या, तरी ती उठेना.

"भाऊ, आमच्या ह्यांचाही असेल का? त्याच वर्षी होते इथे. मग घरी आलेच नाहीत."

काकांनी तारीख विचारली. तिला ती तोंडपाठ होती.

ही सीडी लगेच लागली. पडद्यावर बरगड्या उमटल्या आणि मधोमध, जराशी उजवीकडे कललेली एक पांढुरकी सावली.

"हे काय?"

"हृदय. फोटोत बाजू उलटी दिसते."

बाई स्टुलावरून उठून उभी राहिली.

काकांनी पडदा बंद केला नाही. ते बाहेर आले आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.